मेणावर राहिलेला हात

घरून निघताना मी मँडोलिन बरोबर घेतलं नाही, म्हणून बायकोनं डब्यात एक पोळी जास्त घातली. मुलीनं तर दार उघडून धरलं. माझ्या वाजवण्याबद्दल आमच्या घरात मतभेद नाहीत, एवढंच सांगतो. सोसायटीच्या गणपतीत मला दरवर्षी संधी मिळते, ती आरतीच्या आधी, लोक चपला काढत असतात तेव्हा.

दिवाळी नुकतीच संपली होती आणि माझ्या मेव्हण्याचा, सुधाकरचा, फोन आला होता. सुधाकर आसनगावला राहतो आणि कल्याणला नोकरी करतो. तो म्हणाला, "भावोजी, तानसाच्या बाजूला एका वारली पाड्यावर घांगळी म्हणून तारेचं वाद्य आहे. तुम्हाला त्या बोटांच्या भानगडी आवडतात ना? या."

बोटांच्या भानगडी म्हणजे तार कशी छेडतात, त्याचा माझा अभ्यास. नखानं की बोटाच्या पेरानं, वरून खाली की खालून वर, मोकळी सोडायची की लगेच दाबायची. वाघ्याचं तुणतुणं पाहून झालं होतं, भजनातली एकतारी झाली होती. अभ्यास उत्तम चालला होता. वाजवणं तेवढं राहिलं होतं.

सुधाकरची जुनी ओम्नी घेऊन आम्ही सकाळीच निघालो. शहापूर मागे टाकून आटगावावरून तानसाकडे वळलो. भात कापून झालं होतं. खाचरांत (भाताच्या बांधबंदिस्त शेतांत) नुसते खुंट उभे होते. सागाची पानं कडेनं लाल पडायला लागली होती. एका वळणावर तलाव दिसला. ह्याच पाण्यावर मी मुंबईत जन्मभर चहा प्यायलो, आणि पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. वारा होता, झाडं हलत होती, पण पाण्यावर एक सुरकुती नव्हती. काठच्या झाडांची सावली पाण्यात पडली होती. ती झाडांपेक्षा जरा उशिरा हलतेय असं मला वाटलं. सुधाकरला सांगितलं, तर तो म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

पाडा तलावापासून थोडा वर, उतारावर होता. काळूचं घर शेवटचं. कारवीच्या काड्यांचे कूड, त्यावर शेणाचा गिलावा, पुढं झाडून काढलेलं अंगण. काळू तिशीतला, अंगानं काटक. सुधाकरच्या बिल्डिंगच्या कामावर तो मजुरीला यायचा, ती ओळख. त्यानं आम्हाला बसायला घोंगडी टाकली.

घांगळी आत कुडावर टांगलेली होती. बांबूचा दांडा, दोन टोकांना वाळवलेले दोन भोपळे, वरच्या अंगाला मोराची पिसं, दांड्यावर काळपट मेणाचे उंचवटे, त्यांवरून गेलेली तार. माझी उत्सुकता पाहून काळूनं ती खाली काढली आणि धरून दाखवली.

"हा भोपला खांद्याशी, हा पोटाशी. ह्या बोटानं तार आत वढायची नि सोडायची. मधल्या बोटात ही आंगठी, ती भोपल्यावर टिचकवायची, म्हंजे ठेका पडतो. पोटावरचा भोपला जरासा लांब केला का आवाज उघडतो. टेकवला का मिटतो."

"वाजव ना जरा."

"मला नाय वाजत," तो म्हणाला आणि घांगळी माझ्या शेजारी घोंगडीवर ठेवून चहाचं बघायला मागच्या पडवीत गेला.

अशा वेळी हात लावायच्या आधी विचारायचं असतं. पण आमच्या घरी मला वाद्याला हात लावू नका असं इतक्यांदा सांगितलं जातं की, जिथं कोणी सांगत नाही तिथं माझा हात आपोआप पुढं जातो. मी भोपळा पोटाशी घेतला. माझं पोट ह्या कामाला देवानं खास घडवल्यासारखं निघालं. आणि मी तार ओढली.

टण् असा आवाज यायला हवा होता. आला तो असा : ट… टण्.

बोट आधी तारेला हलकं लागलं, घसरलं, आणि मगच ओढ बसली. मी म्हटलं, सवय नाही. पुन्हा ओढली. ट… टण्. मँडोलिनवर मी खाली-वर असा हात चालवतो, तसा चालवून पाहिला. खाली-वर राहिलं बाजूला, बोट पुन्हा त्याच लंगडत्या चालीनं गेलं. ट… टण्, ट… टण्, आणि मधे अंगठीशिवायच माझं मधलं बोट भोपळ्यावर ठेका धरायला लागलं. चाल सुंदर होती. तिथंच मला शंका यायला हवी होती.

आत सूप पाखडल्याचा आवाज चालू होता, तो बंद पडला. दारात काळूची आई, सोनीबाई, येऊन उभी राहिली. हातात सूप तसंच. ती माझ्याकडं पाहत नव्हती, माझ्या बोटाकडं पाहत होती.

मी हात काढून घ्यायला गेलो.

"थांबू नका," ती म्हणाली.

मागून काळू चहाचे पेले घेऊन आला आणि तिथंच थबकला. थोडा चहा त्याच्या पायावर सांडला. तो गरम होता, पण त्यानं पाय हलवला नाही. सुधाकर मला म्हणाला, "भावोजी, तुम्हाला वाजवता येतं?" त्याच्या आवाजातलं आश्चर्य मला जरा लागलं.

काळूनं माझ्या हातातून घांगळी काढून घेतली, तेव्हा कुठं बोट थांबलं.

मग अंगणात बसून त्यानं सगळं सांगितलं. त्याचा बाप देवजी पावसाळ्यात गेला. पाड्यावर घांगळी त्याचीच. तरुणपणी भात कापताना विळ्यानं त्याच्या तार ओढायच्या बोटाचं टोक उडालं होतं. थोटं बोट तारेवर टिकायचं नाही, आधी घसरायचं, मग ओढ बसायची. जत्रेत दहा घांगळ्या एकत्र वाजल्या तरी पाड्यावरचं पोर सांगायचं, हा देवजी.

"माझ्या बाचा हात हाय तो," काळू म्हणाला. "तुमच्या बोटाला कसा आला?"

माझ्या बोटाला माझाच हात अजून आला नव्हता.

त्यांची अडचण मात्र भुताखेताची नव्हती, पोटाची होती. शेतातलं नवं भात कणगीत (धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीत) भरून ठेवलेलं होतं. त्यांच्या घरी नवा दाणा आधी कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवतात, आणि तो दाखवताना त्याच घरच्या माणसानं घांगळी वाजवायची असते. तार बोलल्याशिवाय त्या दाण्याला कोणी शिवायचं नाही. पाड्यावर सगळ्यांनी नवं खाल्लं होतं. ह्यांच्या घरात अजून नाचणी नि रेशनचा तांदूळ शिजत होता. काळूनं वाजवून पाहिलं, तर त्याच्या बोटाखाली तार बोलेना. त्यानं आम्हाला दाखवलंही. ओढ नीट, बोट नीट, आणि आवाज ठप, ठप, ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

"परवा वीटभट्टीचा ट्रक येल. मी नि बायको जाऊ ते पावसाला येऊ. ही एकटी ऱ्हाणार. भरल्या कणगीपाशी रोज उसना तांदूळ शिजवल?"

"मी शिजवीन," सोनीबाई आतून म्हणाली. "तुला काय तरास?"

"बघा," काळू म्हणाला.

त्याच्या बापाला घांगळी शिकवणारा म्हातारा, लखमा, अजून होता. मुरबाडच्या पलीकडं, वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यावर लेकीकडं राहायचा. काळूला त्याच्याकडं जायचं होतं, पण तीन एस्ट्या बदलून घांगळी न्यायची कशी? सुधाकरनं माझ्याकडं पाहिलं, मी ओम्नीकडं पाहिलं. आणि आम्ही निघालो.

किन्हवलीवरून सरळगावचा रस्ता त्या काळात रस्ता म्हणावा असा नव्हता. घांगळी काळूच्या मांडीवर. खड्डा आला की तार आपोआप वाजायची. त्यात काही विशेष नाही. पण खड्ड्यात आधी पुढचं चाक जातं, मग मागचं, धक्के दोन आणि सारखे बसायला हवेत. तार वाजायची ती ट… टण्. सुधाकरनं कॅसेट लावली. थोड्या वेळानं टेपनं कॅसेट खाल्ली. त्यानं ती ओढून काढली, गुंतलेली फीत खिडकीबाहेर लोंबत ठेवली आणि म्हणाला, "भावोजी, बोला काहीतरी. काहीही बोला." असं आमच्या नात्यात पहिल्यांदाच झालं.

सरळगावला कांदाभजी खाल्ली. भजीवाल्यानं बशा मांडल्या त्या चार. आम्ही तिघं होतो. सुधाकर म्हणाला, "एक जास्त आहे." भजीवाला ओम्नीकडं बोट करून म्हणाला, "ते बसलेत ते नाय खाणार?" आम्ही वळून पाहिलं. मागच्या सीटवर घांगळी उभी होती, वरचा भोपळा काचेशी टेकलेला, त्यावर काळूनं उन्हासाठी टाकलेला टॉवेल. "लांबून माणूसच वाटला," भजीवाला हसून म्हणाला. आम्हीही हसलो. भजी मात्र संपली नाहीत.

टोकावडं मागं पडलं तसे माळशेजचे कडे समोर उभे राहिले, उन्हात निळे. वैशाखऱ्यापासून आत कच्च्या वाटेनं गेल्यावर लखमाचा पाडा. म्हातारा अंगणात बाजेवर ऊन खात पडला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, दात नावाला. लेक शेणी थापत होती. काळूनं पाया पडून निम्मं सांगितलं, तोच म्हातारा म्हणाला, "तू गप. ज्याच्या बोटाला आला त्याला दे."

मी बाजेच्या कडेला टेकलो. बोट तारेला लावलं. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो की, ह्या वेळी तरी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं वाईट वाज.

ट… टण्. ट… टण्.

म्हाताऱ्यानं मान वळवली. त्याचा हात चाचपत माझ्या गुडघ्यावर आला.

"ये देवजी," तो म्हणाला. "कवा आलास? भाकर खाल्लीस का?"

भर दुपार होती, लेक शेणी थापत होती, कोंबड्या फिरत होत्या. माझ्या पाठीवरून मात्र कोणी ओला फडका फिरवावा तसं झालं. बोट आपणहून जरा जोरात चाललं. म्हाताऱ्यानं ते ऐकून मान डोलवली, जणू उत्तर मिळालं. मग तो काळूवर घसरला.

"मेण का नाय काढलं रे? मानूस गेला का मेण काढायचं, हे काय तुला मी येऊन सांगू?"

काळू मान खाली घालून बसला. लखमानं मला समजावलं ते असं. वाजवणारा आयुष्यभर ज्या मेणावर बोटं टेकतो, त्या मेणात त्याचा हात राहतो. तो गेला की मेण वितळवून काढायचं, दुसरं बसवायचं, मग पुढच्याचा हात तिथं बसतो. इथं मेण तसंच राहिलं, म्हणून देवजीही तसाच राहिला. काळूच्या बोटात काळूचा हात आहे, आणि एका तारेवर दोघं मावत नाहीत.

"मग माझ्या बोटात कसे आले ते?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं माझं बोट हातात घेऊन चोळून पाहिलं. "ह्यात कायच नाय," तो म्हणाला. "रिकामं हाय. रिकाम्या घरात कोनपन शिरतो."

सुधाकर एवढा जोरात हसला की कोंबड्या उडाल्या. माझ्या एवढ्या वर्षांच्या अभ्यासावर इतका थोडक्यात अभिप्राय मला कोणी दिला नव्हता.

काळू हळूच म्हणाला, "मी काढत होतो मेण, बाबा. आयेनं काढू दिलं नाय."

"मंग तिलाच काढू दे. तिनं लावलं असल ना? देवजी तर मध काढायला झाडावर चढायला भ्यायचा." थांबून म्हातारा म्हणाला, "ती राजी झाली तर. जबरी नाय करायची. नवं भात काय, ह्या साली नाय, पुढल्या साली खाल."

परतीच्या वाटेवर खड्डे तेच होते. तार वाजत होती, आम्ही ती ऐकत होतो, आणि सकाळी वाटली होती तेवढी भीती आता वाटत नव्हती. जास्त वाईट वाटत होतं. कारण सोनीबाई नव्या भातावाचून राहायला का तयार होती, ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. कुडावर टांगलेल्या घांगळीला वारा लागला, सूप पाखडताना धक्का लागला, की तिला दिवसभर देवजी ऐकू येत असणार.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. काळूनं आईला म्हाताऱ्याचा निरोप सांगितला, एक शब्द कमीजास्त न करता. ती ऐकत चुलीपाशी बसली होती. तिनं विस्तवावर फुंकर घातली, मग माझ्याकडं वळली.

"दादा, एकदा वाजवा. मी सांगन तवा थांबा."

मी भिंतीला टेकून बसलो आणि बोट सोडून दिलं. ह्या खेपेला चाल संथ होती. सोनीबाई माझ्याकडं पाठ करून बसली आणि तारेशी बोलायला लागली. घरी उशिरा आलेल्या माणसाशी बोलतात तशी.

"मागची भिंत पडली व्हती पावसात. काळूनं उभी केली. तुझ्यापरीस नीट केली, राग मानू नको… सुनंला दिवस गेलेत. भट्टीवर जाऊ नको बोलली तर ऐकत नाय… तुझी आंगठी मी ठेवलीय. ती काय देणार नाय कोनाला." तिनं चुलीत एक काटकी सरकवली. तार चालूच होती. "पोरगा परवा जातो. तो असताना घरात नवं शिजू दे. मी काय, तुझ्या आवाजावर बसली असती रे. पण तो माझ्या मागं जेवनार नाय भट्टीवर नीट. त्याच्या ध्यानात राहील, आय उपाशी हाय."

ट… टण्. ट…

दुसरा ठोका पडला नाही. मी थांबवलं नव्हतं. तिनंही थांबा म्हटलं नव्हतं. बोट तारेवर तसंच टेकून राहिलं आणि मग ते माझं झालं. पाय जड होऊन झोपलेला असतो आणि मग त्याला मुंग्या येतात, तसं काहीसं. मी हात मांडीवर ठेवला.

सोनीबाईनं खापरीत निखारा घेतला आणि घांगळीच्या दांड्याजवळ धरला. मेण मऊ पडलं, तसं तिनं ते नखांनी एकेक करून उचललं. खोलीत मधाचा वास पसरला. सगळं मेण गोळा करून तिनं त्याची गोळी वळली, तळहातावर जरा वेळ धरली, आणि चुलीत टाकली. ज्वाळा एकदम वर आली, पिवळी, आणि बसली.

नवं मेण काळूनं लावलं. त्याला वेळ लागला. उंचवटे वाकडे बसत होते, आई दाखवत होती. "इथं नाय रे, वर. अजून वर. आंधला हाईस का?" सुनेनं कणसरीसमोर कणसं मांडली, दिवा लावला. काळूनं भोपळा पोटाशी घेतला, डोळे मिटले आणि तार ओढली.

टण्.

सरळ, खणखणीत, जरासा उद्धट आवाज. त्यानं पुन्हा ओढली, पुन्हा, आणि अडखळत का होईना चाल पुढं गेली. तो चुकला की सून खाली बघून हसायची. सोनीबाई ऐकत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. चाल संपल्यावर ती म्हणाली, "बा तुझा असा नाय वाजवायचा." काळूचा हात खाली आला. "तू वाजव तुझा," ती म्हणाली, उठली आणि कणगीचं तोंड उघडलं.

नवा तांदूळ उखळात कांडून, शिजवून आमच्यापुढं आला. लालसर, जाडा, चिकट भात, बरोबर सुक्या बोंबलाची चटणी. मी घरचा डबा उघडून पोळ्याही मधे ठेवल्या, त्या सुनेला आवडल्या. सोनीबाईनं पहिला घास हातात घेऊन जरा वेळ धरून ठेवला आणि मग खाल्ला. मग तिनं पुन्हा भात वाढून घेतला. काळू तिच्या ताटाकडं बघत होता, ते तिला कळलं. "माझ्या ताटात काय बघतोस, तुझा थंड होतो," असं ती त्याला म्हणाली, आणि तोही जेवायला लागला.

निघताना माझी पुन्हा घांगळीला हात लावायची हिंमत झाली नाही. सोनीबाईच म्हणाली, "लावा की." मी तार ओढली. जो आवाज आला तो पूर्णपणे माझा होता. तिनं तोंडाला पदर लावला. "आता तुमी हाव," ती म्हणाली. "कवा आलाव तर जेवून जा. वाजवायची गरज नाय."

दिवेलागणीला तलावाच्या काठानं आम्ही आसनगावकडं निघालो. पाण्यावर आता बारीक लाटा होत्या. मागं पाड्यावर काळू वाजवत होता. तो अडखळला की आम्ही दोघंही श्वास धरत होतो, आणि पुढचा ठोका पडला की सोडत होतो.

"भावोजी," सुधाकरनं विचारलं, "खरं सांगा. ते तुम्ही करत होतात का?"

घरीही मला हेच विचारतात, आणि विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं की दोन्ही उत्तरं त्यांना आवडणार नाहीत. मी देवजीला कधी पाहिलं नाही. त्याचा एखादा फोटोही त्या घरात नव्हता. पण त्याच्या बायकोनं त्याला जे सांगितलं, ते त्यानं माझ्या बोटात बसून शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग तो उठला. उठताना त्यानं तारेवर जोर दिला नाही. घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून पहाटे कामाला जाणारा माणूस दार हळू ओढून घेतो, तसा गेला. एवढं मला कळलं, आणि तेवढ्यापुरतं ते बोट नक्कीच रिकामं नव्हतं.